पैसा सरला, कागद उरले : अमेरिकेतील तंबाखू-तडजोडीचा हिशेब



23 नोव्हेंबर 1998 रोजी अमेरिकेतील 46 राज्यांनी देशातील चार सर्वांत मोठ्या सिगारेट कंपन्यांशी एक करार केला. फिलिप मॉरिस, आर. जे. रेनॉल्ड्स, ब्राउन अँड विल्यमसन आणि लोरिलार्ड या त्या कंपन्या. पहिल्या पंचवीस वर्षांत 206 अब्ज डॉलर द्यायचे आणि त्यानंतरही सिगारेटी विकल्या जातील तोवर दरवर्षी देत राहायचे, असे त्यांनी मान्य केले. अमेरिकेच्या इतिहासात दिवाणी दाव्यातून एवढ्या मोठ्या रकमेची तडजोड त्याआधी झालेली नव्हती. दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रांत मथळे होते ते त्या आकड्याचेच.

आज मला सांगायचे आहे ते त्या आकड्याच्या उलट आहे. या करारातून लोकांच्या आरोग्याचे जे भले झाले, त्यात त्या रकमेच्या खर्चाचा वाटा सर्वांत लहान आहे. खरे काम केले ते करारातील अटींनी, सिगारेटच्या वाढलेल्या किमतीने आणि कंपन्यांच्या तिजोऱ्यांतून बाहेर आलेल्या कागदांनी. पैशाने मात्र एक विचित्र गोष्ट केली. ज्यांच्याविरुद्ध सरकारे कोर्टात गेली होती, त्यांच्याच धंद्यात त्याने सरकारांना भागीदार करून टाकले.

हे कसे घडले ते समजायला थोडे मागे जावे लागेल. तंबाखू आणि फुप्फुसाचा कर्करोग यांचा संबंध दाखवणारी संशोधने 1950 पासून प्रसिद्ध होऊ लागली. 4 जानेवारी 1954 रोजी सिगारेट कंपन्यांनी अमेरिकेतील चारशेहून अधिक वर्तमानपत्रांत पानभर निवेदन छापले. ग्राहकांचे आरोग्य ही आमची सर्वांत मोठी जबाबदारी आहे, आमची उत्पादने घातक आहेत असे आम्हांला वाटत नाही, तरी आम्ही संशोधनाला पैसा देऊ, असा त्याचा सूर होता. त्यातून जी संशोधन समिती उभी राहिली, तिने पुढची चाळीस वर्षे एकच पीक काढले : शंका. ‘अजून पुरेसे सिद्ध झालेले नाही’ हे वाक्य जिवंत ठेवणे हेच तिचे काम. 1964 साली अमेरिकेचे सर्जन जनरल ल्यूथर टेरी यांचा अहवाल आला आणि वैद्यकशास्त्रापुरता प्रश्न मिटला. कोर्टात तो मिटायला आणखी तीस वर्षे लागली.

या काळात आजारी माणसांनी आणि त्यांच्या वारसांनी सुमारे आठशे दावे लावले. त्यांपैकी एकाही दाव्यात कंपन्यांना शेवटी एक छदामही नुकसानभरपाई द्यावी लागली नाही. न्यू जर्सीतील रोझ सिपोलोन यांचा खटला याचा नमुना आहे. सोळाव्या वर्षापासून त्या सिगारेट ओढत होत्या. 1983 मध्ये त्यांनी दावा लावला आणि 1984 मध्ये कर्करोगाने त्या गेल्या. 1988 मध्ये ज्यूरीने त्यांच्या पतीला 4 लाख डॉलर देवविले खरे, पण अपिलात तो निकाल टिकला नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि 1992 मध्ये, खर्च सोसवेना म्हणून, दावा सोडून द्यावा लागला. कंपन्यांचे डावपेच साधे होते : प्रत्येक अर्जाला उत्तर द्यायचे, प्रत्येक साक्षीदाराची आठवडेच्या आठवडे उलटतपासणी घ्यायची आणि समोरच्या वकिलाचा खिसा रिकामा होईपर्यंत खटला चालवत राहायचा. ज्यूरीपुढे मात्र एकच प्रश्न ठेवायचा : या बाईंच्या तोंडात सिगारेट आम्ही कोंबली होती का? या प्रश्नापुढे सामान्य माणसाची सहानुभूती कच खात असे.

या तटबंदीत पहिले भगदाड पाडले ते मिसिसिपी या अमेरिकेतल्या अगदी गरीब राज्याने. तिथले ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी मे 1994 मध्ये दावा लावला. त्यामागची कल्पना एका छोट्या गावातील वकिलाला सुचली होती आणि तिचे सौंदर्य तिच्या साधेपणात होते. सिगारेट ओढणारा माणूस वादी असला की त्याला विचारता येते, तू ओढलीस कशाला? पण गरिबांच्या उपचारांचा खर्च मेडिकेड या सरकारी योजनेतून होतो. तो भरणाऱ्या राज्याने एकही झुरका मारलेला नसतो. तेव्हा वादी रुग्ण नको, राज्यच असू दे. तुमच्या मालामुळे आमच्या करदात्यांवर जो बोजा पडला, तो तुम्ही भरून द्या. एका फटक्यात कंपन्यांचा चाळीस वर्षांचा बचाव निरुपयोगी झाला. मूर यांना सर्वांत कडवा विरोध झाला तो स्वतःच्याच राज्यात. मिसिसिपीचे गव्हर्नर कर्क फोर्डिस यांनी हा दावा थांबवावा म्हणून आपल्याच ॲटर्नी जनरलविरुद्ध कोर्टात धाव घेतली. तिथे त्यांना यश आले नाही आणि एकामागून एक राज्ये मूर यांच्या वाटेने निघाली.

त्याच वसंत ऋतूत दुसरी गोष्ट घडत होती. 14 एप्रिल 1994 रोजी सात तंबाखू कंपन्यांच्या प्रमुखांनी अमेरिकी संसदेच्या उपसमितीपुढे उजवे हात वर करून शपथ घेतली आणि निकोटीनचे व्यसन लागते असे आपल्याला वाटत नाही, असे एकामागून एक सांगितले. महिना उलटायच्या आत कॅलिफोर्निया विद्यापीठातील प्राध्यापक स्टँटन ग्लान्ट्झ यांच्या टेबलावर एक खोके येऊन पडले. पाठवणाऱ्याचे नाव टोपण होते. आत ब्राउन अँड विल्यमसनचे सुमारे चार हजार पाने भरतील एवढे अंतर्गत कागद. निकोटीन व्यसन लावते आणि आपण ते विकण्याच्याच धंद्यात आहोत, असे कंपनीच्या वकिलाने 1963 सालीच लिहून ठेवलेले त्यात होते. कंपनीने ते कागद परत मिळवण्यासाठी विद्यापीठाला कोर्टात खेचले, पण कोर्टाने तिची मागणी मान्य केली नाही. 1 जुलै 1995 रोजी विद्यापीठाने ते इंटरनेटवर टाकले. इंटरनेट तेव्हा नवे होते आणि एखाद्या उद्योगाची गुपिते अशी सर्वांसमोर उघडी पडण्याचा तो अगदी सुरुवातीचा प्रसंग.

मिनेसोटा राज्याने यातला धडा बरोबर ओळखला. तिथले ॲटर्नी जनरल ह्यूबर्ट हम्फ्री (तिसरे) यांनी पैशाच्या आधी कागद मागितले. वर्षानुवर्षे भांडून त्यांनी कंपन्यांना कोट्यवधी पानांचे दस्तऐवज हजर करायला लावले. हे कागद लोकांसाठी खुले राहतील, ही अट त्यांनी मे 1998 मधील तडजोडीत घालून घेतली. मिसिसिपी, फ्लोरिडा, टेक्सास आणि मिनेसोटा या चार राज्यांनी अशा स्वतंत्र तडजोडी केल्या, त्यांची एकूण रक्कम सुमारे 40 अब्ज डॉलर होती. दरम्यान संपूर्ण देशासाठी एकच कायदा करण्याचा प्रयत्न जून 1998 मध्ये सेनेटमध्ये कोसळला. मग उरलेल्या 46 राज्यांनी कंपन्यांशी थेट जो करार केला, तो हा नोव्हेंबरचा करार. अमेरिकेत तो एमएसए या आद्याक्षरांनी ओळखला जातो.

त्यातल्या अटी पाहा. जाहिरातीत कार्टून वापरायचे नाही. ही अट आपल्याला किरकोळ वाटेल. पण कॅमल सिगारेटच्या ‘जो कॅमल’ या उंटाला सहा वर्षांची मुले मिकी माउसइतकेच ओळखतात, असे 1991 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले होते. रस्त्यावरचे मोठे फलक आणि बस-रेल्वेवरच्या जाहिराती काढायच्या. टोप्या, टी-शर्ट यांवर ब्रँडचे नाव नको. चित्रपटात पैसे देऊन सिगारेट दाखवायची नाही. खेळांच्या प्रायोजकत्वाला मर्यादा. 1996 च्या विश्वचषक क्रिकेट स्पर्धेला ‘विल्स’ या सिगारेट ब्रँडचे नाव होते हे ज्यांना आठवते, त्यांना या अटीचे मोल वेगळे सांगायला नको. उद्योगाचा प्रचार करणारी संस्था आणि शंकेचे पीक काढणारी ती संशोधन समिती, दोन्ही बरखास्त झाल्या. तरुणांना तंबाखूपासून दूर ठेवण्यासाठी एक स्वतंत्र प्रतिष्ठान करारातूनच स्थापन झाले. चघळण्याच्या तंबाखूसाठी एक वेगळा, लहान करार एकाच कंपनीशी झाला. आपल्याकडच्या लोकांनी ही तळटीप लक्षात ठेवावी. तिच्याकडे मी परत येणार आहे.

आता परिणाम. पहिला परिणाम करार झाला त्याच दिवशी दिसला. मोठ्या कंपन्यांनी पाकिटामागे 45 सेंट भाव वाढवला. म्हणजे दंड कंपन्यांनी भरलाच नाही. तो भरला सिगारेट ओढणाऱ्याने, ज्याच्या आजाराच्या नावाने दावा लावला होता त्यानेच. न्यायाच्या दृष्टीने हे खटकणारे आहे. पण सार्वजनिक आरोग्याचे गणित वेगळ्या पद्धतीने चालते. सिगारेटचा भाव दहा टक्के वाढला की खप साधारण चार टक्क्यांनी उतरतो, असे अमेरिकेतील अनुभव सांगतो. आणि खिशात कमी पैसे असणारी कोवळी मुले त्यात सर्वांत आधी मागे सरतात. कंपन्यांनी नफा राखण्यासाठी केलेली भाववाढ हाच कराराचा सर्वांत परिणामकारक उपचार ठरला, आणि तो कराराच्या मसुद्यात कुठेही लिहिलेला नव्हता.

1998 मध्ये अमेरिकेत साडेचारशे अब्जांहून अधिक सिगारेटी विकल्या गेल्या. 2021 मध्ये हा आकडा दोनशे अब्जांच्या खाली आला होता. 1997 साली शाळेच्या वरच्या वर्गांतील 36 टक्के मुले सिगारेट ओढत होती. 2021 मध्ये हे प्रमाण चार टक्क्यांच्या आत आले. प्रौढांमधील प्रमाण 24 टक्क्यांवरून साडेअकरा टक्क्यांवर उतरले. हे सगळे श्रेय कराराला देणे चुकीचे होईल. याच काळात राज्यांनी कर वाढवले, हॉटेले आणि कचेऱ्या धूम्रपानमुक्त झाल्या, 2009 मध्ये तंबाखूवर देखरेख करण्याचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाला मिळाला. पण या सर्व गोष्टींना जी राजकीय हिंमत लागते, ती तंबाखू कंपन्या कोर्टात हरू शकतात हे दिसल्यानंतर आली, असे मी मानतो.

करारातून उभ्या राहिलेल्या प्रतिष्ठानाने 2000 मध्ये ‘ट्रूथ’ नावाची जाहिरात मोहीम सुरू केली. तिचा पहिला प्रयोग फ्लोरिडाने आपल्या तडजोडीच्या पैशातून केला होता. ‘सिगारेट वाईट, ओढू नका’ असा उपदेश या मोहिमेने केला नाही. तंबाखूमुळे दररोज मरणाऱ्यांची संख्या दाखवण्यासाठी न्यूयॉर्कमध्ये फिलिप मॉरिसच्या कचेरीसमोर मृतदेहांच्या बाराशे पिशव्या रचल्या आणि मुलांना सांगितले, की हे लोक तुम्हांला गिऱ्हाईक म्हणून हेरत आहेत. बंडखोरी ही सिगारेटच्या जाहिरातीची जुनी मालमत्ता. ती या मोहिमेने हिसकावून घेतली. 1999 ते 2002 या काळात शाळकरी मुलांमधील धूम्रपान 25.3 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आले. त्या घटीतला सुमारे 22 टक्के वाटा या मोहिमेचा होता, असा निष्कर्ष 2005 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने काढला. पैसा नेमक्या कामासाठी राखून ठेवला तर काय होते, याचा हा पुरावा.

आणि राखून ठेवला नाही तर काय होते? अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने 2000 ते 2005 या आर्थिक वर्षांचा हिशेब तपासला. 46 राज्यांना या काळात 52.6 अब्ज डॉलर मिळाले. त्यातले सुमारे 30 टक्के आरोग्यावर गेले, जवळजवळ 23 टक्के अर्थसंकल्पातील तूट भरायला गेले आणि तंबाखू नियंत्रणाला मिळाले साडेतीन टक्के. न्यूयॉर्क राज्यातील नायगारा काउंटीने या पैशातून सार्वजनिक गोल्फ मैदानावर पाणी शिंपडण्याची यंत्रणा बसवली. नॉर्थ कॅरोलिनाने काही कोटी डॉलर तंबाखू उत्पादनाच्या आधुनिकीकरणाला आणि विक्रीला दिले. यात बेकायदा काहीच नव्हते. करारात पैसा कशासाठी वापरायचा याची अटच नव्हती. ज्यांनी कार्टूनच्या उंटापर्यंत बारीक विचार केला, त्यांनी स्वतःच्या सरकारांवर मात्र विश्वास टाकला.

पुढचा भाग याहून गंभीर आहे. कंपन्यांनी दरवर्षी द्यायची रक्कम त्या वर्षीच्या सिगारेटच्या खपावर ठरते. खप घटला की हप्ता घटतो. अनेक राज्यांना आणि काउंट्यांना दरवर्षीच्या हप्त्याची वाट पाहायची नव्हती. त्यांनी येणाऱ्या पैशाच्या तारणावर कर्जरोखे काढले आणि वीस-तीस वर्षांची रक्कम एकदम उचलून खर्च करून टाकली. आता ते रोखे फिटायचे तर सिगारेटी विकल्या गेल्या पाहिजेत. 2003 मध्ये इलिनॉयमधील एका कोर्टाने ‘लाइट’ सिगारेटच्या फसवणुकीबद्दल फिलिप मॉरिसविरुद्ध 10.1 अब्ज डॉलरचा निकाल दिला आणि अपिलासाठी 12 अब्ज डॉलरची हमी मागितली. एवढी हमी भरावी लागली तर राज्यांचे हप्ते थकतील, असे कंपनीने जाहीर करताच अनेक राज्यांचे ॲटर्नी जनरल कोर्टात हजर झाले, ते हमीची रक्कम कमी करा असे सांगायला. पाच वर्षांपूर्वीचे वादी प्रतिवादीच्या बाजूने उभे राहिले. हमी कमी झाली आणि 2005 मध्ये तो निकालही वरिष्ठ न्यायालयाने रद्द केला. राज्यांच्या या भूमिकेला मी लाचखोरी म्हणणार नाही. ती त्याहून वाईट आहे, कारण लाच घेणारा पकडला जाऊ शकतो. अर्थसंकल्पातले अवलंबित्व कुणाला पकडता येत नाही.

कंपन्याही स्वस्थ बसल्या नव्हत्या. जाहिरातींवर बंधने आली तेव्हा त्यांचा विक्रीखर्च कमी होईल असे वाटले होते. तो 1998 मधील 6.7 अब्ज डॉलरवरून 2003 मध्ये 15 अब्जांवर गेला. फलकांवरचा पैसा दुकानातल्या सवलतींकडे वळला. आणि कराराच्या व्याख्येत न बसणारी इलेक्ट्रॉनिक सिगारेट आली, तेव्हा हेच चक्र पुन्हा फिरले. 2019 मध्ये अमेरिकेतील वरच्या वर्गांतली 27.5 टक्के मुले ती ओढत होती. 2022 आणि 2023 मध्ये ‘जूल’ कंपनीला राज्यांशी पुन्हा तडजोडी कराव्या लागल्या. शब्दांत बांधलेला करार शब्दांपुरताच टिकतो.

मग टिकले काय? कागद टिकले. सॅन फ्रान्सिस्कोतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या ग्रंथालयात आज तंबाखू उद्योगाचे एक कोटीहून अधिक दस्तऐवज कुणालाही घरबसल्या शोधता येतात. तरुण गिऱ्हाईक मिळाले नाही तर मरणाऱ्या गिऱ्हाइकांची जागा भरून निघणार नाही, असे कंपन्यांचे लोक आपसात लिहीत होते, ते त्यात वाचता येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कामात कंपन्यांनी कशी ढवळाढवळ केली, याचा अहवाल 2000 मध्ये याच कागदांवरून तयार झाला. पुढे जागतिक तंबाखू नियंत्रण करारात, आरोग्यधोरण ठरवताना उद्योगाचे हितसंबंध दूर ठेवावेत, असे कलम 5.3 आले. तो करार 2005 पासून लागू आहे आणि भारताने त्याला 2004 मध्येच मान्यता दिली. अमेरिकेच्या केंद्र सरकारने लावलेल्या खटल्यात न्यायाधीश ग्लॅडिस केस्लर यांनी ऑगस्ट 2006 मध्ये दीड हजाराहून अधिक पानांचे निकालपत्र लिहिले आणि कंपन्यांनी पन्नास वर्षे कट करून लोकांना फसवले असे ठरवले. त्या निकालाचा आधारही हेच कागद. कंपन्यांनी अकरा वर्षे अपिले केली. शेवटी नोव्हेंबर 2017 पासून स्वतःच्या पैशाने वर्तमानपत्रांत आणि दूरचित्रवाणीवर खरी माहिती द्यावी लागली. 1954 च्या निवेदनाला मिळालेले ते उत्तर होते. त्याला 63 वर्षे लागली.

चुकांतून काहीजण शिकलेही. वेदनाशामक ओपिऑइड औषधांच्या व्यसनाबद्दल 2021 मध्ये तीन वितरक आणि जॉन्सन अँड जॉन्सन यांच्याशी 26 अब्ज डॉलरची तडजोड ठरली, तेव्हा किमान 85 टक्के रक्कम त्या व्यसनाच्या निवारणावरच खर्चावी अशी अट घातली गेली. ही अट तंबाखूच्या कराराची सावली आहे. कॅनडात, क्वेबेकमधील रुग्णांनी जिंकलेल्या दाव्यानंतर तीन कंपन्यांनी 2019 मध्ये दिवाळखोरीच्या कायद्याचा आसरा घेतला; मार्च 2025 मध्ये 32.5 अब्ज कॅनेडियन डॉलरची योजना मंजूर झाली. तिथे निदान प्रत्यक्ष रुग्णांसाठी वेगळा वाटा आहे.

आता आपल्याकडे वळू. अमेरिकेतील नमुना जसाच्या तसा इथे उतरणार नाही. 2016-17 च्या राष्ट्रीय पाहणीत भारतात 28.6 टक्के आणि महाराष्ट्रात 26.6 टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. महाराष्ट्रात त्यात सिगारेट-विडी ओढणारे चार टक्क्यांच्या आत. बाकीचे जवळजवळ सगळे मशेरी, मावा, खर्रा आणि तंबाखू-चुना घेणारे. अमेरिकेत जी तळटीप होती, तो आपला मुख्य मजकूर आहे. गुटख्यावर 2012 पासून राज्यात बंदी आहे, आणि वेलची-पानमसाल्याच्या नावाने तेच ब्रँड नामवंत नटांच्या तोंडून टीव्हीवर बोलत आहेत. तंबाखूजन्य आजारांचा देशावरील भार 2017-18 मध्ये 1 लाख 77 हजार कोटी रुपये होता, असा अंदाज अभ्यासकांनी मांडला आहे. हा भार कुणी भरून द्यावा, असे विचारणारा दावा कोणत्याही राज्याने अजून उभा केलेला नाही.

आणि भागीदारीचा प्रश्न इथे कराराशिवायच हजर आहे. आयुर्विमा महामंडळ लोकांच्या आयुष्याचा विमा उतरवते आणि देशातील सर्वांत मोठ्या सिगारेट कंपनीत त्याचाच मोठा हिस्सा आहे. या गुंतवणुकीविरुद्ध 2017 मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली होती. अमेरिकेतील राज्ये तडजोडीनंतर ज्या पेचात सापडली, त्या पेचात आपण आधीपासूनच उभे आहोत.

म्हणून या सभागृहातील वकिलांना, डॉक्टरांना आणि नागरिकांना माझे सांगणे आहे. उद्या आपल्याकडे असा दावा उभा राहिला, तर मिनेसोटाप्रमाणे आधी कागद मागा. मग अटी घाला, आणि त्या अटींत मावा, खर्रा आणि वेलचीच्या आडून होणारी जाहिरात यांची नावे स्पष्ट लिहा. पैशाचे बोलणे शेवटी करा आणि तो तंबाखू सोडवणाऱ्या केंद्रांवर व कर्करोगाच्या उपचारांवरच खर्च होईल, असे कायद्याने बांधून घ्या. आणि दाव्याची वाट न पाहता आजच एक मागणी करा : सरकारी संस्थांचा पैसा तंबाखूच्या धंद्यातून काढून घ्या. ज्या धंद्याविरुद्ध लढायचे, त्याच्या नफ्यावर सरकारचा घरखर्च चालता कामा नये.